रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते: नवीन किल्ली घेण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुश बटण स्टार्टची गाडी साताऱ्यात लग्नाच्या हॉलबाहेर लावली होती. रात्री परत आलात तर हँडलवरचं बटण दाबूनही दार उघडेना, रिमोटही चालेना. रिमोटच्या आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडलंत तर हॉर्न बोंबलायला लागला, आणि आत बसून स्टार्टचं बटण दाबलं तर मीटरवर ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश आला. गाडी टो करून एका गॅरेजला नेलीत, तिथे सांगितलं की नवीन किल्ली मागवून प्रोग्राम करावी लागेल. खर्च पाच आकडी. हे खरंच लागेल का?

बहुधा नाही. मी पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचं आणि किल्ल्यांचं काम करतो, आणि तुम्ही सांगितलेलं प्रत्येक लक्षण रिमोटमधला बटण सेल उतरल्याचं आहे. गाडीची मोठी बॅटरी ठणठणीत होती याचा पुरावा तुम्हीच दिलाय: हॉर्न जोरात वाजला आणि मीटर पूर्ण उजळलं. बॅटरी बसलेली असती तर हॉर्न कण्हला असता आणि मीटरवर अक्षरंही धड दिसली नसती. शंभर रुपयांच्या आतबाहेरचा सेल बदलून बघितल्याशिवाय नव्या किल्लीची ऑर्डर देऊ नका. आणि त्या रात्री टो करायचीही गरज नव्हती, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी ती पाळी येणार नाही.

या रिमोटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. पहिली म्हणजे बटणं आणि गाडीशी रेडिओवर बोलणारा भाग. आपल्याकडे तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सेल लागतो. याच भागात गाडीच्या हाकेकडे सतत कान देऊन बसलेला एक छोटा रिसीव्हरही असतो. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा एक कमी पल्ल्याचा सिग्नल सोडते. किल्ली साधारण पाऊण-एक मीटरच्या आत असली तर तो ऐकते आणि रेडिओवर उत्तर देते. खिशातून किल्ली न काढता दार उघडतं ते यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे लोखंडी किल्ली, तिचं काम फक्त दार उघडण्यापुरतं. तिसरी, जी बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. हिला सेल लागतच नाही. मेट्रोच्या कार्डात सेल नसतो, तरी गेटवर टेकवलं की ते चालतं, तसंच हे आहे. स्टार्टच्या बटणाभोवती किंवा जवळपास एक कॉईल असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. अट एकच, किल्ली अगदी चिकटून असायला हवी. चार-पाच बोटं लांब धरली तरी काम होत नाही.

त्या रात्री करायचं होतं ते एवढंच: रिमोट हातात धरून थेट स्टार्टच्या बटणाला टेकवायचा.

टेकवायची कशी, हे मात्र गाडीगणिक बदलतं. ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट कीनंच, म्हणजे या रिमोटनंच, स्टार्टचं बटण दाबायचं, बोटानं नाही. किल्ली तिरकी न धरता बटणावर सरळ दाबायची. मारुतीच्या गाड्यांत आधी बटण दाबायचं, मग दिवा लुकलुकत असताना किंवा मीटरवर सूचना दिसत असताना रिमोटची लॉक बटणाकडची बाजू स्टार्टच्या बटणाला टेकवायची. टोयोटात ब्रेक दाबून धरायचा, किल्लीची टोयोटाचं चिन्ह असलेली बाजू बटणाला टेकवायची, बीप ऐकू आला की लगेच बटण दाबायचं. होंडातही दिवा लुकलुकत असताना रिमोट बटणाजवळ धरायचा असतो. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत ही जागा बटणावर नसून स्टिअरिंग कॉलमच्या उजव्या बाजूला असते. आणखी काही गाड्यांत ती कप होल्डरच्या तळाशी किंवा आर्मरेस्टखालच्या कप्प्यात असते, तिथे किल्लीची छोटी खूण कोरलेली सापडेल. तुमच्या मॉडेलची नेमकी जागा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेली आहे. त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये राहतं, आणि ग्लोव्ह बॉक्स बंद गाडीत.

एरवी लागणारं सगळं इथेही लागतं, म्हणजे ऑटोमॅटिकला ब्रेक आणि गिअरच्या गाडीला क्लच पूर्ण दाबलेला हवा. घाबरलेला माणूस नेमकं तेच विसरतो आणि ‘टेकवूनही होत नाही’ म्हणतो.

हॉर्नचं म्हणाल तर तो बिघाड नव्हता. रिमोटनं लॉक केलेलं दार लोखंडी किल्लीनं उघडलं की अनेक गाड्या त्याला चोरी समजतात. शेजारपाजारचे जमले तरी शांतपणे आत बसा, किल्ली टेकवा, गाडी सुरू करा. गाडीनं चिप ओळखली की अलार्म आपोआप थांबतो.

किल्लीचं भोक कुठे आहे हेही आधी बघून ठेवा. हल्ली बऱ्याच गाड्यांत ते ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. हँडल ओढून धरायचं, टोपीच्या खालच्या फटीत लोखंडी किल्लीचं टोक घालायचं आणि हलकेच उचकायचं. हे कुलूप वर्षानुवर्षं वापरलंच जात नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांची ही कुलपं खाऱ्या हवेनं आतून जाम झालेली मी पाहिली आहेत, किल्ली अर्धी जाते आणि अडकते. जोर लावला तर पातं वाकतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा त्या कुलपात किल्ली फिरवा, कोरडं वाटलं तर ग्रॅफाइट किंवा सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. इंजिन ऑईल नको, त्याला धूळ चिकटते. काही गाड्यांत या किल्लीनं फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं, बाकीची दारं आतून उघडावी लागतात.

आता दोष रिमोटमध्ये की गाडीत, हे ओळखण्याबद्दल. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे दुसरी किल्ली. ती चालली तर गाडी निर्दोष. दोन्ही चालत नसतील आणि रिमोटवरचा दिवा लागत असेल, तर आधी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी बघा: दार उघडल्यावर आतला दिवा मंद आहे का, हेडलाईट पिवळट पडतात का. तसं असेल तर जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करणं, लागेल, रिमोटचा सेल बदलून उपयोग नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी दारं आणि कुलपं १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात, ती बसली की रिमोटला उत्तर मिळत नाही. कधी दोघांचाही दोष नसतो. जवळ मोठा ट्रान्समीटर असेल तर गोंगाटात रिमोटचा आवाज दबतो. चार पावलं सरकून, किल्ली काचेला लावून पुन्हा दाबून बघा.

आणि किल्लीचं कव्हर. ऑनलाईन मिळणारी जाड धातूची कव्हरं दिसायला झोकदार असतात, पण धातू रेडिओचा सिग्नल अडवतो. माझ्याकडे ‘नवा सेल टाकला तरी रेंज नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी कव्हर काढायला सांगतो. बऱ्याचदा काम तिथेच संपतं. सेल संपल्यावर किल्ली टेकवून गाडी सुरू करायची असेल तेव्हाही असं कव्हर मध्ये आलं तर चिपपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. सिलिकॉनचं किंवा चामड्याचं कव्हर चालतं.

सेल बदलणं घरी जमतं, घाई मात्र नको. आधी लोखंडी किल्ली बाहेर काढा. ती निघाली की त्या खाचेत, दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर, एक छोटी फट दिसते. तिथे एक रुपयाचं नाणं किंवा टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि पिळा. ढकलू नका. ढकललात तर टोक आतल्या सर्किटवर जातं आणि तिथला केसाएवढा ट्रॅक तुटतो. अशा तुटलेल्या किल्ल्या माझ्या टेबलावर नेहमी येतात, संपलेला असतो फक्त सेल, आणि मारलेलं असतं चांगलं चालणारं सर्किट. एका बाजूनं ‘कट’ असा आवाज आला की कडेकडेनं पुढे सरका. झाकण उघडल्यावर काहीही हलवायच्या आधी फोनवर एक फोटो घ्या, म्हणजे अधिकची खूण वर आहे की खाली हे विसरणार नाही. काही रिमोटमध्ये ती वर असते, काहींत खाली.

जुना सेल प्लास्टिकच्या काडीनं उचका. नवा सेल कडेनं धरा. दोन्ही तोंडांवर घामट बोटं लागली तर तो थर संपर्कात येतो, म्हणून बसवण्याआधी कोरड्या सुती कपड्यानं पुसा. आधी पितळी किंवा स्टीलच्या पात्यांखाली सरकवा, मग दुसरी कड खाली दाबा. पाती वाकवू नका. झाकण लावताना रबरी पट्टी जागेवर आहे का आणि कडेनं कुठे फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. पावसाळ्यात पाणी शिरतं ते तिथूनच.

सेलचा नंबर जुन्या सेलवर छापलेला असतो आणि तोच घ्यायचा. बहुतेक गाड्यांत सीआर २०३२ असतो, काहींत २०२५, २०१६, १६२० किंवा जाडजूड २४५०. पहिले दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधला व्यास, पुढचे दोन म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागात जाडी. म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदार ‘२०२५ पण चालतो’ म्हणाला तर ऐकू नका. व्होल्टेज सारखंच, ३ व्होल्ट, पण तो ०.७ मिलिमीटरनं पातळ आहे. टेबलावर चालतो, खिशात हलला की संपर्क सुटतो. मग लोक चॉकलेटची चांदी घडी करून खाली घालतात आणि तिनं शॉर्ट होतं. चार्ज होणारा एलआयआर २०३२ तर अजिबात घालू नका, आकार तोच असला तरी पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि रिमोट ३ व्होल्टसाठी बनवलेला असतो.

सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, मेडिकलमध्येही मिळतो, कारण शुगर तपासायच्या काही मशिनमध्ये हाच लागतो. आडगावी अडकलात तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा किंवा वजनाचं मशिन उघडून बघा, कित्येकांत २०३२ असतो. पाकिटावरची तारीख बघून घ्या. सुट्ट्या डब्यातून काढून दिलेला, पाकीट नसलेला सेल घेऊ नका. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून ड्युरासेलसारख्या काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. हेतू फार चांगला आहे, पण काही रिमोटमध्ये पातं नेमकं त्या लेपावर टेकतं आणि नवा सेलही मेल्यासारखा वाटतो. तसं झालं तर किल्लीला दोष देण्याआधी बिनलेपाचा सेल लावून बघा.

‘मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघितला, सेल चांगला आहे’ हे मला रोज ऐकायला मिळतं. या लिथियम सेलचा स्वभावच असा की तो शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवून धरतो. नवा सेल मीटरवर ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो, आणि जवळजवळ संपलेलाही २.९ दाखवू शकतो. पण आयुष्य सरत जातं तसा त्याचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि बटण दाबल्यावर व्होल्टेज कोसळतं. म्हणून मी मागचं झाकण उघडून, सेल जागेवर असतानाच मीटरच्या पिना लावतो आणि रिमोटचं बटण दाबून धरतो. चांगल्या सेलचा आकडा किंचित हलतो. थकलेल्याचा २.९ वरून झपकन अडीचच्या खाली येतो, बटण सोडलं की पुन्हा वर चढतो. तो सेल काढून टाकायचा. थंडीत हा रोध आणखी वाढतो. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे न चालणारा रिमोट दुपारी चालतो, त्याचं कारण हेच. अशा वेळी किल्ली मुठीत धरून थोडी ऊब दिली तर दार उघडण्यापुरता जीव येतो. सेल मात्र त्याच दिवशी बदला.

आता सेल इतक्या लवकर का संपला, हाही तुमचा प्रश्न होता. टोयोटाच्या पुस्तकात या सेलचं आयुष्य एक ते दोन वर्षं दिलंय, आणि न वापरताही तो उतरतो असं स्पष्ट लिहिलंय, कारण रिसीव्हर सतत ऐकत असतो. तुम्ही लिहिलंय की किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते आणि गाडी भिंतीपलीकडेच उभी असते. गाडी आणि किल्ली अशी एकमेकींच्या टप्प्यात राहिली की त्यांचं बोलणं चालूच राहतं आणि सेल झिजतो. टीव्ही, लॅपटॉप, मोबाईलचा चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्याजवळही ठेवू नका, एक मीटर तरी अंतर हवं. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत बचतीची सोय आहे: लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, रिमोटचा दिवा चार वेळा लुकलुकला की किल्ली ऐकणं थांबवते. पुढे कोणतंही बटण दाबलं की पुन्हा जागी होते. महिनाभर गावाला जाताना घरी राहणाऱ्या दुसऱ्या किल्लीसाठी हे उत्तम. उन्हाळ्यात किल्ली डॅशबोर्डवर टाकू नका, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तिथे सेलचा जीव लवकर जातो.

सेल एकदम संपत नाही, आधी सांगून जातो. लांबून उघडणारी गाडी जवळ गेल्यावर उघडायला लागते, दोन-तीनदा दाबावं लागतं, मीटरवर किल्लीच्या सेलची सूचना येते. चालत्या गाडीत ‘किल्ली सापडत नाही’ आलं तर घाबरू नका, इंजिन बंद पडत नाही. फक्त किल्ली खरंच गाडीत आहे याची खात्री होईपर्यंत इंजिन बंद करू नका.

या सूचना टाळू नका असं मी कळकळीनं सांगतो, त्याचं कारण रस्त्यात अडकणं एवढंच नाही. किल्ली आत राहिली असेल तर गाडी लॉक होऊ नये अशी सोय बहुतेक स्मार्ट की गाड्यांत असते. पण ती आतल्या किल्लीचा आवाज ऐकूनच चालते. सेल मरतुकडा असेल तर गाडीला किल्ली आत आहे हे कळतच नाही आणि दारं लॉक होऊ शकतात. मागच्या सीटवर झोपलेलं बाळ आणि पर्समध्ये किल्ली, असं झालं तर उन्हात मिनिटांचा प्रश्न असतो. बाळ आत असेल तर काच फोडा, त्याच्यापासून सगळ्यात लांबची. किल्लीची वाट बघू नका.

काढलेला सेलही घरात उघडा ठेवू नका. मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं, आणि रिमोटला न पुरणाऱ्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. नुसता संशय आला तरी थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा, उलटी करायला लावू नका. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्याच्या पेटीत द्या, घंटागाडीत नको.

आता तुमच्या किल्लीकडे. सेल बदलल्यावर पुन्हा प्रोग्राम करावा लागतो हा समज चुकीचा आहे. कंपनीकडून आलेल्या किल्लीचा कोड वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतो, सेल काढला म्हणून तो पुसला जात नाही. बाहेरून बसवलेल्या काही जुन्या सिक्युरिटी सिस्टीमचे रिमोट याला अपवाद असतात.

नवा सेल घातल्यावर सगळं चाललं तर विषय संपला. मग एकदा घराच्या पार्किंगमध्ये सेल काढून, दुसरी किल्ली घरात ठेवून, फक्त टेकवून गाडी सुरू करून बघा. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना करायला लावा. नव्या सेलनंही बटणं चालली नाहीत, पण टेकवल्यावर गाडी सुरू झाली, तर चिप जिवंत आहे. बटणाखालचा छोटा स्विच किंवा सोल्डर गेलाय, आणि तो चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला थोडक्या पैशात बदलून देतो. दोन्ही किल्ल्या बटणांनी चालतात पण हँडलला प्रतिसाद नाही, तर दोष दारातल्या अँटेनात किंवा हँडलच्या सेन्सरमध्ये आहे. सेल नवा, कव्हर काढलेलं, जागा बरोबर आणि तरीही टेकवून गाडी किल्लीला ओळखत नाही, पण दुसऱ्या किल्लीला ओळखते, तेव्हाच चिप किंवा बोर्ड गेलाय असं म्हणता येईल. तेव्हा नवीन किल्ली घ्या, आणि प्रोग्राम करायला जाताना दोन्ही जुन्या किल्ल्या सोबत न्या. एखादी हरवलेली असेल तर तिची नोंद गाडीतून पुसून द्यायला सांगा.